पहिल्या क्रिटेरियमला उतरायचं तर एफटीपी किती हवा?

तुम्ही लिहिलंय की येऊरचा चढ आणि घोडबंदर रोड धरून आठवड्याला २०० किमी होतात, वजन ७० किलो, एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारी कमाल ताकद) २१० वॅट. नवी मुंबईतल्या ३० मिनिटांच्या क्रिटेरियमला (बंद छोट्या लूपवर फेऱ्या मारायची सायकल शर्यत) नाव दिलंय आणि ग्रुपमधले सांगतात, "पहिलीच शर्यत आहे, मागे राहा, सेफ राहशील."

वॅटचं नंतर बघू. मागे राहण्याचा सल्ला आधी डोक्यातून काढा. मलाही तोच मिळाला होता. पाचव्या लॅपला मी ड्रॉप झालो, म्हणजे गटापासून मागे सुटलो, आणि आमच्याकडे आजही तो विषय "दम कमी पडला" म्हणून मिटवतात. दमाचा काही संबंध नव्हता.

हिशेब मांडतो. १.२ किमीचा लूप, चार काटकोनी वळणं, सरासरी वेग ताशी ३६ किमी. तीस मिनिटांत १८ किमी, म्हणजे १५ लॅप आणि ६० वळणं. पुढचे पाच-सहा जण वळणात ३३ पर्यंत उतरतात आणि परत ३८ ला जातात. त्यांच्यामागचा प्रत्येक जण आपल्या पुढच्यापेक्षा जरा जास्त ब्रेक दाबतो, आणि चाळिसाव्या नंबरवरचा पार २५ वर येतो. तो वळणातून बाहेर पडेपर्यंत पुढचे केव्हाच ३८ ला पोचलेले असतात, म्हणून फट बुजवायला त्याला ४० गाठावे लागतात. सायकलसकट ८० किलो धरले तर सहा सेकंदांत ३३ चे ३८ करायला सुमारे १८० वॅट लागतात. तेवढ्याच वेळात २५ चे ४० करायला ५००. यात हवेचा रोध धरलेलाच नाही. आता याला साठने गुणा. मागचा माणूस शर्यत करत नसतो, साठ स्प्रिंट मारत असतो.

पुढे म्हणजे पहिल्या चाकावर नव्हे. तिथे सगळा वारा तुम्हीच खाता. पाचवा ते बारावा नंबर धरा. चाकामागे नीट बसलात तर पाव ते एक तृतीयांश ताकद वाचते. त्यासाठी स्टार्टला वीस मिनिटं आधी जाऊन पहिल्या दोन रांगांत उभे राहा आणि क्लीट (बुटाखालचा खटका) न बघता पेडलमध्ये बसेल इतका सराव करा. जागा सुटली तर सरळ रस्त्यावर कडेने वर या, वळणात आतून कधीच घुसू नका.

वळणाचं तंत्र येऊर शिकवत नाही. पाम बीच मार्गही नाही, तो जवळपास सरळच आहे आणि गाड्या सुसाट असतात. हात ड्रॉप्सवर, म्हणजे हँडलच्या खालच्या वाकलेल्या भागावर. ब्रेक आणि गिअर दोन्ही वळणाआधी, सायकल सरळ असतानाच. एक-दोन गिअर हलका करून ठेवा. बाहेरचं पेडल खाली, शरीराचा भार त्या पायावर, नजर पुढच्याच्या चाकावर नाही तर वळण जिथे सुटतं तिथे. सायकल कलंडलेली परत सरळ होईपर्यंत पेडल मारू नका. मी फट बुजवायच्या घाईत लवकर मारलं. आतलं पेडल डांबराला घासलं, मागचं चाक उचलून चार बोटं बाजूला पडलं. पडलो नाही, पण पुढच्या प्रत्येक वळणाला हात आपोआप ब्रेकवर गेला आणि दोन लॅपमध्ये खेळ संपला. क्रँक (पेडलचा दांडा) १७५ मिमीचा असेल तर पेडल आणखी लवकर टेकतं.

टायरच्या कडेला छापलेलं प्रेशर ही कमाल मर्यादा असते, भरायचा आकडा नाही. ७० किलोला २५ मिमीच्या टायरमध्ये पुढे ८०, मागे ८५ पीएसआय पुष्कळ. ११० भरून "दगडासारखा" केलेला टायर पेव्हर ब्लॉकवर उड्या मारतो, आणि उडालेल्या टायरला पकड नसते. आदल्या दिवशी लूप पायी फिरा: गटाराची झाकणं, झेब्रा क्रॉसिंगचा जाड रंग, रोड स्टड नेमके कुठल्या वळणात येतात ते बघा.

सराव आठवड्यातून दोनदा: २० च्या वेगावरून १५ सेकंद जीव तोडून, ४५ सेकंद हलकं, असे दहा, पाच मिनिटं विश्रांती, मग परत दहा. रविवारी पहाटे एखाद्या रिकाम्या सेक्टरमध्ये एका जोडीदारासोबत दोन्ही बाजूंची वीस-वीस वळणं, आधी २५ ने, मग ३०.

एफटीपीचं म्हणाल तर पुढच्या पंधरात टिकलात तर २१० मध्ये नवख्यांची शर्यत पूर्ण होते. मागे राहिलात तर २५० पण अपुरे पडतील.

एक राहिलंच. पॅकमध्ये खांद्याला खांदा लागला की दचकून ब्रेक दाबायची सवय असेल, तर आधी महिनाभर ग्रुप राइड करा, मगच पुढे जा, नाहीतर मागच्या दहा जणांना पाडाल. रस्ता ओला असेल तर वळणातला वेग चांगला पाच-सहाने कमी आणि प्रेशर आणखी पाचने खाली. पंक्चर झालं तर फ्री लॅप (एक फेरी थांबून परत गटात शिरायची सूट) मिळतो का, आणि शेवटच्या किती लॅपमध्ये मिळत नाही, हे स्टार्टच्या आधी आयोजकांना विचारून घ्या.