फुटलेला कुकर भंगारात देऊ नका

प्रश्न : दीड वर्षापूर्वी घेतलेला कुकर परवा फुटला आणि सासूबाईंचा हात पोळला. दुकानदार म्हणतो, "तुम्ही बाहेरचा व्हॉल्व्ह बसवला असणार, माझा काही संबंध नाही." पावतीही सापडत नाही. (एक गृहिणी, बार्शी)

उत्तर : ताई, दवाखान्याचा एकेक कागद जपा आणि कुकर आहे तसाच ठेवा. घासू नका, भंगारवाल्याला देऊ नका. झाकण, रबर, शिट्टी, व्हॉल्व्ह, तुटलेले तुकडे, सगळं एका पिशवीत घाला आणि फोटो काढा. वस्तू टाकून दिल्यावर सल्ला विचारायला येणारे मी नेहमी पाहतो. तेव्हा फार वाईट वाटतं, कारण हातातलं सगळं गेलेलं असतं.

दुकानदारानं व्हॉल्व्हचं नाव उगाच काढलेलं नाही. वस्तूत फेरफार झाला असेल किंवा ती चुकीची वापरली असेल, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात विक्रेता नुकसानभरपाईच्या दाव्यातून सुटतो. व्हॉल्व्ह मूळचाच आहे हे सांगणारा तुमचा साक्षीदार तो फुटका कुकरच. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात गेली की गरज पडल्यास आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासून घेतो.

आता कुकरवरचा शिक्का उजेडात धरून पाहा. आयएसआय चिन्हाच्या वर 'आयएस 2347' हा मानक क्रमांक आणि खाली 'सीएम/एल' असा परवाना क्रमांक हवा. तो भारतीय मानक ब्यूरोच्या, म्हणजे हा शिक्का देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाचा आणि चालू आहे की नाही, ते कळतं. 1 फेब्रुवारी 2021 पासून घरगुती कुकरला हा शिक्का सक्तीचा आहे. तो नसेल किंवा खोटा असेल, तर याच ब्यूरोकडे तक्रार करा. मुंबई, पुणे, नागपूरला त्यांची कार्यालये आहेत. प्रमाणित नसलेले कुकर विकू देणाऱ्या ऑनलाइन कंपन्यांना 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं दंड केला, माल परत घेऊन पैसे द्यायला लावले.

पावतीसाठी अडून बसू नका. यूपीआयची नोंद, खोका, वॉरंटी कार्ड, काहीही चालेल. आणि पावती न देणं ही मुळात त्या दुकानदाराची अनुचित प्रथा ठरते. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही.

प्रश्न : नातवाला जत्रेत दिव्याचं खेळणं घेतलं. त्यात बटणासारखे सेल आहेत. सून म्हणते फेकून द्या. (आजोबा, कोल्हापूर)

उत्तर : सूनबाईंचं ऐका, पण आधी ते खेळणं हातात घ्या. सेलचं झाकण स्क्रूनं बंद आहे की नखानं उघडतं? नखानं उघडत असेल तर आजच पोराच्या हातून काढा. हा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोनेक तासांतही आतून भाजू शकतं. तसं झाल्यास उलटी करायला लावू नका, तडक मोठ्या दवाखान्यात न्या.

चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्यांवर 'आयएस 15644' शोधा. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना यातून सूट आहे, म्हणून सावंतवाडीच्या लाकडी फळांवर शिक्का दिसला नाही तर त्या कारागिराला धारेवर धरू नका.

प्रश्न : खव्याला वास येत होता. स्वतः तपासून घेता येतो का? (अकोला)

उत्तर : येतो. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 40 नुसार शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून अहवाल मिळतो. मात्र हा माल मी तपासायला देणार आहे, हे विकत घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं. ते जमलं नसेल तर अन्न व औषध प्रशासनाला कळवा, म्हणजे अधिकारी स्वतः नमुना घेऊ शकतात.

प्रश्न : आमच्या आठवडी बाजारात पाणी तापवायचे बिनशिक्क्याचे रॉड ढिगानं येतात. नगरपालिकेत गेलो तर "आमचं काम नाही" म्हणाले. (एक शिक्षक, परभणी जिल्हा)

उत्तर : सर, तुम्ही स्वतःचं नुकसान नसताना गेलात, याचं मला मोल वाटतं. असा एक रॉड मी मागच्या हिवाळ्यात हातात घेतला होता. मुठीजवळची वायर बोटानं ढकलली की आत सरकत होती. या रॉडला 'आयएस 368'चा शिक्का सक्तीचा आहे.

एकाचं नाही, अनेकांचं नुकसान होत असेल तर ग्राहक संरक्षण कायद्यानं लेखी तक्रार थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. चौकशी करून अहवाल देण्याचा अधिकार त्यांना आहे. शिक्क्यासाठी एक प्रत मानक ब्यूरोला द्या. अर्जात बाजाराचा वार, ओळ, रॉडवरचं नाव लिहा, वस्तूचा फोटो जोडा आणि आवक शिक्का मारलेली प्रत आपल्याकडे ठेवा. कुठे अडलं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोला.