विमानाच्या पंखांना 'पीळ'

प्रश्न असा आहे: राइट बंधूंच्या विमानाविषयी लिहिताना 'विंग वॉर्पिंग'ला, म्हणजे विमान कलवण्यासाठी पंखांची टोकं उलटसुलट फिरवण्याला, मराठीत काय म्हणावं? एका अनुवादात 'पंखांचा ताणा' असं वाचलं, ते बरोबर आहे का?

नाही. वॉर्प म्हणजे मागावरचा ताणा, हा अर्थ आहे खरा, पण तो इथला नव्हे. इथला वॉर्प म्हणजे ओली फळी वाळताना वेडीवाकडी फिरते तो. माझं मत 'पीळ देणे' या शब्दाला.

अगरबत्तीचा रिकामा पुडा घ्या, दोन्हीकडची झाकणं उघडा आणि टोकं धरून उलटसुलट फिरवा. पुडा मोडत नाही, नुसता पिळला जातो. १८९९ साली अमेरिकेतल्या डेटन शहरात, राइट बंधूंच्या सायकल दुकानात विल्बर राइटच्या हातात ट्यूबचा असाच एक खोका होता. एकावर एक असलेले दोन पंखही असेच पिळता येतील, हे त्याला त्यातच दिसलं. १९०३ च्या विमानात वैमानिक खालच्या पंखावर पालथा झोपे. कमरेशी सरकती लाकडी चौकट असे. कमर उजवीकडे सरकवली की तारा ओढल्या जात, डाव्या टोकाची मागची कड खाली येई, उजव्या टोकाची वर जाई. डावीकडची उचल वाढे आणि विमान उजवीकडे कले.

आता शब्द तोलून बघा. 'वाकवणे' म्हटलं की सगळा पंख एकाच दिशेला झुकल्यासारखा वाटतो. 'मुरड' करंजीच्या कडेला शोभते, पण ती घातली की तशीच राहते. 'पिळणे' अगदी जवळचं, कारण ओलं धोतर पिळतानाही दोन टोकं उलट दिशांना फिरतात. फक्त त्यात पाणी काढण्याची छटा येते. 'पीळ देणे'त ती नाही.

कोणी म्हणेल, सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि पंख तर लगेच सरळ व्हायला हवेत. पण आपण पीळ सोडतोही, उलगडतोही. तेव्हा बेधडक लिहा: 'वैमानिकाने पंखांना पीळ दिला, विमान कललं, मग पीळ सोडला.'

एक मात्र सांभाळा. पुढे आलेल्या एलेरॉनला हा शब्द लावू नका. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ 'छोटा पंख'. तिथे पंख ताठच राहतो, हलते ती मागच्या कडेची बिजागरीवरची पट्टी.