पांढरे ठिपके, ओलीसारखे डाग आणि काळे त्रिकोण : रेंडरिंगविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दिवाणखान्याचा रात्रीचा सीन स्केचअपमध्ये (थ्रीडी मॉडेल) उभा करून व्ही-रेमध्ये रेंडर केला आहे, म्हणजे मॉडेलवरून प्रकाशासकट चित्र काढलं आहे. फॉल्स सीलिंगमध्ये कोव्ह लाइट (खाचेत लपवलेला दिवा), मधोमध काचेचं झुंबर, सोफ्यामागे आरशाचं पॅनल. सोफ्यावर आणि सीलिंगवर पांढरे ठिपके पडतात. क्वालिटी वाढवली, वेळ चौपट झाला. ठिपके मात्र गेले नाहीत, उलट वाढल्यासारखे वाटतात.
— इंटिरियर डिझाइनची विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : नुसतं वाटत नाही, ते वाढलेच असणार. पिक्सेलचा रंग म्हणजे त्यातून सोडलेल्या सगळ्या किरणांची सरासरी. समजा, १०० पैकी ९९ किरण ०.५ एवढा प्रकाश घेऊन आले आणि एक किरण झुंबराच्या काचेतून वळून नेमका बल्बवर आदळला नि ५,००० घेऊन आला. सरासरी गेली ५० च्या वर. पडद्यावर १ म्हणजेच पूर्ण पांढरं, त्यामुळे ठिपका उमटला. सॅम्पल, म्हणजे दर पिक्सेलमागचे किरण, दुप्पट केले तर सरासरी २५ वर येते, म्हणजे ठिपका पांढराच राहतो. शिवाय शेजारच्या ज्या पिक्सेलना असा किरण अजून सापडला नव्हता, त्यांनाही तो आता सापडतो.

म्हणून सॅम्पलना हात लावण्याआधी तो किरण येतो कुठून ते शोधा. रेंडर एलिमेंट्समध्ये (चित्राचे वेगवेगळे थर) लायटिंग, जीआय (ग्लोबल इल्युमिनेशन, म्हणजे इतर पृष्ठभागांवरून उडून येणारा प्रकाश), रिफ्लेक्शन आणि रिफ्रॅक्शन जोडा आणि ८०० पिक्सेल रुंदीचं छोटं रेंडर लावा. ठिपके जीआयमध्ये दिसले तर प्रकाश काचेतून किंवा आरशावरून उडून येतोय. रिफ्लेक्शनमध्ये दिसले तर एखाद्या चकचकीत पृष्ठभागात छोटा, फार तेजस्वी स्रोत दिसतोय.

तुमच्या सीनमध्ये पहिला संशय झुंबरावर. बल्बची काच खरी काच म्हणून दिली असेल आणि दिवा तिच्या आत असेल, तर प्रत्येक किरणाला दोनदा वळून बाहेर पडावं लागतं. काचेच्या मटेरियलमध्ये ‘अफेक्ट शॅडोज’ चालू करा, म्हणजे प्रकाश सरळ पार होईल. त्याहून सोपा आणि माझ्या मते चांगला उपाय म्हणजे बल्बची काच लपवा आणि झुंबराच्या खाली एक अदृश्य स्फिअर लाइट ठेवा. गिऱ्हाइकाला झुंबर झगमगलेलं हवं असतं. प्रकाश नक्की कुठून निघतोय हे कोणी तपासत नाही.

दुसरा संशय कोव्हवर. एलईडी पट्टीला एमिसिव्ह (स्वतः उजेड देणारं) मटेरियल लावून त्याची तीव्रता शेकड्यांत नेण्याची सवय सर्रास दिसते. १० मिलिमीटर रुंदीच्या पट्टीकडून अख्खी खोली उजळून घ्यायची म्हणजे ठिपक्यांना आमंत्रण. पट्टी नुसती दिसण्यापुरती ठेवा, तीव्रता ३ ते ५. खोलीचा प्रकाश तेवढ्याच लांबीच्या, सीलिंगकडे तोंड केलेल्या रेक्टँगल लाइटने द्या, त्याला अदृश्य करा आणि त्याचं ‘अफेक्ट रिफ्लेक्शन्स’ बंद करा. आरशासाठी जीआय कॉस्टिक्समधला (काच-आरशामुळे एकवटणारा उजेड) रिफ्लेक्टिव्ह पर्याय चालू असेल तर तोही बंद करा.

एवढं करून दोन-चार ठिपके उरलेच, तर ‘मॅक्स रे इंटेन्सिटी’ (एका किरणाने आणायच्या प्रकाशाची कमाल मर्यादा) २० वरून १० वर आणा, फार तर ५ वर. त्याखाली गेलात की काचेतली आणि धातूतली चमक मरते, खोली मळकट दिसू लागते. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्स रेंडर इंजिनमध्ये याच कामाला ‘क्लॅम्प इनडायरेक्ट’ आहे. मूळ आकडा १० असतो, तो ३ ते ५ करून बघा. ‘क्लॅम्प डायरेक्ट’ मात्र ० वरच राहू द्या.

प्रश्न : भिंतींवर, विशेषतः सीलिंगच्या कोपऱ्यांत ओल आल्यासारखे ढगाळ डाग दिसतात. स्कर्टिंगच्या वर उजेडाची बारीक रेघही आहे. जीआयच्या हिशेबाला इरॅडियन्स मॅप आणि लाइट कॅश या पद्धती लावल्या आहेत.
— वास्तुविशारद, सोलापूर

उत्तर : इरॅडियन्स मॅप मोजक्याच बिंदूंवर हिशेब करतो आणि मधली जागा अंदाजाने भरतो. सपाट भिंतीवर हे खपून जातं, कोपऱ्यात अंदाज चुकतो. मशीन फारच जुनं नसेल तर प्रायमरीला (प्रकाशाची पहिली उसळी) ब्रूट फोर्स, म्हणजे अंदाजाशिवाय थेट हिशेब, आणि सेकंडरीला (पुढच्या उसळ्या) लाइट कॅश ठेवा. ढगांऐवजी बारीक दाणे येतील. ते सॅम्पलने कमी होतात, ढग होत नाहीत. लाइट कॅशचे सबडिव्ह्ज वाढवताना लक्षात ठेवा की किरणमार्गांची संख्या त्या आकड्याच्या वर्गाइतकी असते. १,००० म्हणजे १० लाख मार्ग, २,००० म्हणजे ४० लाख. ‘रीट्रेस’ (कोपऱ्यांत कॅशवर न विसंबता किरण पुन्हा सोडणारा पर्याय) चालू असू द्या.

उजेडाच्या रेघेचा सेटिंगशी बहुधा संबंध नाही, ते बांधकाम आहे. भिंत एकाच फेसची, म्हणजे जाडी नसलेल्या पृष्ठभागाची, असेल तर बाहेरचा उजेड सांध्यातून आत झिरपतो. बाहेरच्या भिंतीला २३० मिलिमीटर, आतल्या भिंतीला ११५, स्लॅबला १२५ अशी खरी जाडी द्या आणि भिंत स्लॅबच्या आत थोडी घुसवा.

भिंतीचा पांढराही तपासा. रंगाच्या ० ते २५५ या मापात २५५ दिला असेल तर तो पृष्ठभाग १०० टक्के प्रकाश परत फेकतो. असा रंग कुठल्याच डब्यात मिळत नाही, आणि हिशेब लांबत जातो तो वेगळाच. २३० ठेवा, ते साधारण ८० टक्के होतात.

प्रश्न : सर्व्हेची डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची ड्रॉइंग फाइल) स्केचअपमध्ये इम्पोर्ट करून मॉडेल उभं केलं. टाइल्सवर आणि पलंगावर काळे त्रिकोण, पट्टे येतात.
— ड्राफ्ट्समन, पुणे

उत्तर : सर्व्हेचे आकडे यूटीएममध्ये (जागा मीटरमध्ये मांडणारी नकाशाची पद्धत) असतील. त्या पद्धतीत पुण्याचा उत्तरेचा आकडा, म्हणजे विषुववृत्तापासूनचं अंतर, सुमारे २,०४८ किलोमीटर, म्हणजे मिलिमीटरमध्ये दोनशे कोटींच्या वर. रेंडर इंजिनं बहुतांशी ३२ बिटचे दशांश वापरतात, आणि एवढ्या मोठ्या आकड्याला त्यांची सगळ्यात बारीक पायरी १२८ मिलिमीटरची होते. १८ मिलिमीटरचं प्लाय त्यात कुठे मावणार? पृष्ठभागाची सावली त्याच पृष्ठभागावर पडते आणि त्रिकोण दिसतात.

सगळं निवडा, मूव्ह टूलने घराचा एक कोपरा पकडा, [0,0,0] टाइप करा आणि एंटर दाबा. पुढच्या वेळी इम्पोर्ट करताना ‘प्रिझर्व्ह ड्रॉइंग ओरिजिन’ची खूण काढा. मग झूम एक्स्टेंट्स (सगळं मॉडेल पडद्यावर बसवणारी आज्ञा) करा. घर मुंगीएवढं दिसलं तर लांब कुठेतरी एखादी रेघ सुटलेली आहे, ती पुसा.

एवढ्यानं पट्टे गेले नाहीत तर दोन फेस एकाच पातळीत आहेत. गालिचा फरशीत, लॅमिनेट प्लायवर, उशी चादरीत. नेहमीची ठिकाणं हीच. कॅमेरा हलवला की पट्ट्यांची नक्षी बदलते, यावरून ओळखू येईल. एक फेस काढा, किंवा २ मिलिमीटर वर उचला.

प्रश्न : डिनॉइझर (चित्रातले दाणे पुसणारं साधन) लावल्यावर सागाच्या व्हिनिअरचे रेषे मेणचट होतात. न लावावं तर दाणे दिसतात, आणि फाइल आज रात्रीच द्यायची आहे.
— फ्रीलान्सर, ठाणे

उत्तर : डिनॉइझर रेंडर एलिमेंट म्हणून जोडा, म्हणजे मूळ चित्र शाबूत राहतं. मग फोटोशॉपमध्ये दोन्ही थर ठेवून भिंतींवर डिनॉइझ केलेला वापरा आणि व्हिनिअर, कापड, जाळी यांवर मास्क लावून मूळ. दाणे फार असतील तर नॉइझ थ्रेशोल्ड (किती दाणे चालवून घ्यायचे ती मर्यादा) ०.०१ वरून ०.००५ करा आणि फ्रेम बफरमध्ये (रेंडर दिसतं ती खिडकी) रीजन आखून तेवढाच भाग पुन्हा काढा. अख्खं चित्र पुन्हा लावायला आज वेळ नाही. ब्लेंडरवाल्यांनी डिनॉइझला ‘अल्बेडो अँड नॉर्मल’ (मूळ रंग आणि पृष्ठभागाची दिशा) पास द्यावा, रेषे बरेच वाचतात.

डिनॉइझरच्या आधी पांढरे ठिपके मात्र घालवा. तो त्यांना पुसण्याऐवजी कधीकधी पसरवतो, आणि सीलिंगवर गोल, पुसट चट्टा उमटतो. तसे एकदोनच असतील तर मूळ थरावर ‘डस्ट अँड स्क्रॅचेस’ फिल्टर रेडियस २ ठेवून मास्कने फक्त तेवढ्या जागी लावा. ब्रशने सगळीकडे फिरवलंत तर हँडलवरची आणि ग्लासच्या कडेची खरी चमकही पुसली जाईल.