होडी पाण्यात बसत का नाही?

प्रश्न : बंदराच्या धक्क्यावर बसून जलरंगात होड्या रंगवायला शिकत आहे. रेखाटन होईस्तोवर होडी खाली गेलेली असते, आकार केळ्यासारखा होतो आणि रंगवल्यावर ती पाण्यावर चिकटवल्यासारखी दिसते. कुठे चुकतं?

उत्तर : आधी वेळ बदला. बहुतेक किनाऱ्यांवर भरतीनंतर ओहोटी व्हायला साधारण ६ तास लागतात, पण पाणी एकसारखं उतरत नाही. पहिल्या आणि शेवटच्या तासात प्रत्येकी जेमतेम बारावा हिस्सा, मधल्या २ तासांत मात्र निम्मं! म्हणून पूर्ण भरतीच्या तासभर आधी बसा, नंतर तासाभरात आटपा. होडी धक्क्याला बांधलेलीच निवडा. नांगरलेली होडी वाऱ्याबरोबर तोंड फिरवते. शिकताना तिच्या नादी लागू नये.

आकारासाठी आधी तिरपं खोकं काढा. त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठावर मधोमध लांबीची रेघ आखा. या दोन रेघांची पुढची टोकं जोडणाऱ्या उभ्या रेघेवरच नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, यायला हवी. केळं होतं ते दोन्ही कडांना सारखाच बाक दिल्यामुळे. तिरप्या होडीची एक कड भरदार वळते, दुसरी जवळजवळ सपाट दिसते.

चिकटवल्यासारखी दिसण्याचं मूळ प्रतिबिंबात आहे. प्रतिबिंब म्हणजे उलटं केलेलं चित्र नव्हे. धक्क्यावरून तुम्हाला होडीच्या आतल्या फळ्या दिसतात, पाण्यात त्या कधीच दिसणार नाहीत. तिथे फक्त बाहेरची बाजू. गडद होडीचं प्रतिबिंब किंचित फिकं, पांढरीचं किंचित गडद ठेवा. होडीची सावलीतली बाजू आणि तिचं प्रतिबिंब ओलं असतानाच एका दमात उतरवा, म्हणजे मधली कड विरघळते. पाणरेषेची गडद रेघ शेवटी, तीही तुटक.

प्रश्न : रंगात फुलकोबीसारखे डाग पडतात. कागद तर जाड, चौरस मीटरला ३०० ग्रॅमचा आहे.

उत्तर : कागदाचा दोष नाही. समुद्राच्या दमट हवेत चकाकी गेली तरी आत ओल असते आणि त्यावर पातळ रंगाचा हात दिला की डाग फुटतो. बोटांची मागची बाजू कागदाला लावा. गार लागला तर थांबा. तोवर आभाळ बघत बसण्यापेक्षा दोरखंडांचा अभ्यास करावा.