पॅरालिसिसनंतर हातपाय चालतात, पण चहा जमत नाही

ताई, तुम्ही लिहिलंय की अण्णांना मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला, फिजिओथेरपीनं हातपाय सुधारले, पण चहा करताना गोंधळतात आणि ‘चटणी वाढलीच नाही’ म्हणून चिडतात. तो हट्टीपणा नाही. उजव्या बाजूच्या झटक्यानंतर पुष्कळांचं डावीकडचं लक्षच जातं. डोळ्यांना दिसतं, मेंदू दखल घेत नाही. आपल्या ताटात चटणी, कोशिंबीर, लिंबू डावीकडंच, म्हणून नेमकं तेच राहतं. काहींची मात्र त्या बाजूची नजरच गेलेली असते, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. तोवर स्कूटर पूर्ण बंद. कोरेगाव-सातारा रस्त्यावर तर नकोच नको.

मोबाइलवरच्या मेंदूच्या खेळांवर पैसे घालू नका. खेळून माणूस त्या खेळात तरबेज होतो, चहा तसाच अडतो. चांगला ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमवायला शिकवणारा तज्ज्ञ, अण्णांना खरोखरचा चहा करायला लावेल आणि बघेल: पायरी विसरतात, क्रम चुकतो, की सुरुवातच होत नाही? उपाय त्यावरून ठरतो. माझ्या सासऱ्यांना सदरा घालता येईना, तेव्हा थेरपिस्टनं डाव्या बाहीच्या कडेला लाल फीत शिवायला सांगितली आणि लुळा हात आधी घालायची सवय लावली. रोज तोच सदरा, तीच खुर्ची, टीव्ही बंद. ताटाच्या डाव्या कडेलाही तशीच लाल पट्टी. जेवायला बसलं की आधी नजर पट्टीपर्यंत न्यायची. सासूबाई पटकन बटणं लावून मोकळ्या व्हायच्या, त्यांना थांबवणं सगळ्यात अवघड गेलं. तुमच्या आईलाही हेच सांगा: हातातलं काम काढून घ्यायचं नाही, ‘आता पुढं काय?’ एवढंच विचारायचं. गॅसपाशी मात्र कुणीतरी उभं हवंच.

खोटी आशा देणार नाही. वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं २०२२ मध्ये, झटक्यानंतर लक्ष-स्मरण बिघडलेल्यांना अशा थेरपीचा किती उपयोग होतो यावरच्या २४ चाचण्या एकत्र तपासल्या. आंघोळ-कपड्यांसारख्या कामांत फरक पडला तरी अगदी थोडा. लक्ष टिकण्यात, कामापुरतं ध्यानात ठेवण्यात किंचित सुधारणा. पुरावाही भक्कम नाही. तरी मी थेरपिस्टकडं जा असंच म्हणेन, कारण घर अण्णांच्या सोयीचं कसं लावायचं ते या लोकांकडून शिकता येतं.

फलटणच्या बालभवन शाळेला ज्यांचं नाव आहे, त्या कमला निंबकरांनी १९५० मध्ये मुंबईत केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं देशातलं पहिलं शिक्षण सुरू केलं. एवढी वर्षं झाली, तरी आपल्याकडं थेरपिस्ट शोधावाच लागतो. कराड-मिरजेच्या मोठ्या रुग्णालयांत चौकशी करा. कुणी लांबचे मिळाले तर निदान व्हिडिओ कॉलवर तुमचंच स्वयंपाकघर दाखवा.

आणि अण्णा गप्प गप्प असतील, झोप उडाली असेल, तर पुढच्या भेटीत न्यूरोलॉजिस्टना आवर्जून सांगा. झटक्यानंतर नैराश्य पुष्कळांना येतं, त्यावर उपचार आहेत.