वाचक विचारतात : चहा नको, पण बंदुकांचं कपाट भरलेलं?

प्रश्न : ताई नमस्कार. माझी मुलगी-जावई अमेरिकेत युटाहला, लीहाय म्हणून गाव आहे तिथे राहायला गेलेत, जावयाची आयटीतली नोकरी. शेजारी मॉर्मन, म्हणजे ख्रिस्ती धर्मातलाच एक वेगळा पंथ. माणसं इतकी चांगली की हे लोक राहायला आले त्याच दिवशी घरचा ब्रेड घेऊन दारात हजर. दारू नाही, सिगरेट नाही, चहा-कॉफीसुद्धा नाही. पण नातू त्यांच्या मुलाशी खेळायला गेला तर म्हणे तळघरात लोखंडी कपाट भरून बंदुका! आपण ग्वाल्हेरचे, बंदूक काय नवीन नाही, समोरच्या ठाकूरसाहेबांकडे दुनाली खुंटीलाच असते. पण इतक्या सात्त्विक माणसांकडे हे कसं? त्यांच्या धर्मातच सांगितलंय का? आणि नातवाला तिकडे पाठवावं की नाही? — एक आजी, लष्कर भाग, ग्वाल्हेर

उत्तर : आजी, नातवाचं आधी सांगते, बाकीचा इतिहास नंतर वाचलात तरी चालेल. पाठवा, पण मुलीला म्हणावं शेजारणीला सरळ विचार, कपाटाला कुलूप असतं ना, किल्ली पोरांना सापडत नाही ना, गोळ्या वेगळ्या ठेवता ना. पोराला कोणाच्या घरी पाठवायच्या आधी हे विचारण्यात काही अपमान नाही, तिकडचे डॉक्टरसुद्धा आईबापांना हेच सांगतात. आणि कपाट आहे हीच मुळात बरी खूण, खुंटीवरच्या दुनालीची मला जास्त भीती वाटते.

आता धर्म. नाही, सांगितलेलं नाही. मॉर्मनांच्या मुख्य मंदिरात जायचं तर आधी बिशपसमोर बसून मुलाखत देऊन एक पास मिळवावा लागतो, त्यात चहा-कॉफी-दारू-तंबाखू पाळता का ते विचारतात, तो नियम 1833 पासूनचा. बंदुकीचा प्रश्नच नसतो, ना ठेवा म्हणून ना ठेवू नका म्हणून. ब्राझील, फिलिपिन्समध्ये यांचे लाखो लोक आहेत, निम्म्याहून जास्त मॉर्मन आता अमेरिकेबाहेरच राहतात, त्यांच्या घरी तुम्हाला असलं कपाट दिसायचं नाही. म्हणजे कपाट युटाहचं आहे हो, ऑक्टोबर आला की हरणाच्या शिकारीला बापलेक डोंगरात, शेजारच्या वायोमिंग-आयडाहोतही तेच, मग घरचा माणूस मॉर्मन असो की कोणी.

तरी धर्माचा काहीच संबंध नाही असं म्हटलं तर तेही खोटं होईल, कारण त्यांच्या आठवणीत एक जखम आहे. हा पंथ जोसेफ स्मिथने 1830 साली न्यूयॉर्क राज्यात काढला, मग जिथे जातील तिथून लोक हाकलायचे. मिसुरीमध्ये ऑक्टोबर 1838 ला गव्हर्नर बॉग्जने हुकूमच काढला की मॉर्मनांना राज्यातून हाकला नाहीतर संपवा, आणि तीनच दिवसांनी हॉन्स मिल नावाच्या वस्तीवर जमाव आला, 17 जण मारले, त्यात दहा वर्षांचं पोरगं पण होतं. मग फार वेस्ट गावात त्यांच्याकडून शस्त्रं काढून घेतली आणि वर राज्यातून बाहेर. (तो हुकूम कागदावर रद्द व्हायला 1976 उजाडलं, सरकारी काम कुठेही सरकारीच.) 1844 ला स्मिथ इलिनॉयच्या कार्थेज तुरुंगात होता, जमाव आत घुसला, त्याच्याकडे कोणीतरी चोरून आणून दिलेलं छोटं पिस्तूल होतं, त्याने ते चालवलं पण मेलाच. तिथल्या मॉर्मन आजीने नातवाला ही गोष्ट सांगितली की नातू काय शिकणार ते उघड आहे, सरकारवर भरवसा ठेवून हत्यार खाली ठेवू नये.

पण मला नेहमी वाटतं की ही गोष्ट सांगणाऱ्याने पुढची पण सांगावी. 1857 ला युटाहमध्येच माउंटन मेडोजला मॉर्मन मिलिशियाने, म्हणजे गावकऱ्यांच्या हत्यारी दलाने, कॅलिफोर्नियाला निघालेल्या प्रवाशांना वेढलं, पांढरं निशाण दाखवलं, हत्यारं खाली ठेवा आम्ही सुखरूप सोडतो म्हणाले, आणि मग 120 च्या आसपास माणसं मारली, बायका-मुलं धरून. म्हणजे निःशस्त्र करून घात हे त्यांच्यावरही झालं आणि त्यांनीही केलं.

आणि एक, तुम्हाला गंमत वाटेल. जगातला बहुतेक सगळ्यात मोठा बंदूक-कारागीर मॉर्मनच होता, जॉन ब्राउनिंग, युटाहच्या ऑग्डेन गावचा, जन्म 1855. बापही बंदुका बनवायचा, त्याच्या तीन बायका आणि 22 मुलं. अमेरिकी फौजेचं ते प्रसिद्ध 1911 पिस्तूल ह्याच जॉनचं, आणि 2011 ला युटाहने त्याला चक्क राज्याचं अधिकृत हत्यार केलं, जसे आपले राज्यपक्षी-राज्यवृक्ष असतात तसं.

प्रश्न : मग ह्यांच्या धर्मगुरूंपैकी बंदुकीच्या विरोधात कोणी बोलतच नाही का? आपल्याकडे निदान कलेक्टर तरी काही अटी घालतो. — निवृत्त शिक्षक, मुरार

उत्तर : सर, कलेक्टरची आठवण काढलीत ते बरं केलंत, 2019 ला आपल्याकडे लायसन्सच्या अर्जासोबत दहा झाडं लावून सेल्फी द्यायला सांगितलं होतं, तसं तिकडे काही नाही. युटाहमध्ये 2021 ला असा कायदा आला की 21 वर्षांवरचा माणूस परमिटशिवाय लपवून पिस्तूल बाळगू शकतो, सही करणारा गव्हर्नर कॉक्स स्वतः मॉर्मन.

चर्च कायद्याबद्दल अधिकृतपणे गप्प असतं, बंदूकबंदी हवी की नको यावर त्यांची भूमिका अशी नाहीच. पण स्वतःच्या घरात काय चालेल ते मात्र ठणकावून सांगितलंय. 2004 ला युटाहमधल्या आपल्या प्रार्थनाघरांत हत्यार बंद केलं, आणि 2019 ला टेक्सासने चर्चमध्ये पिस्तूल आणायला मोकळीक दिली तेव्हा नियमच कडक केला, पोलीस सोडून कोणीही, कुठल्याही देशात, चर्चच्या आवारात हत्यार आणायचं नाही. युनिव्हर्सिटीचं तर अजून मजेशीर, युटाहच्या सरकारी युनिव्हर्सिटीला बंदी घालायची होती तर 2006 ला राज्याच्या सुप्रीम कोर्टाने नाही म्हटलं, आणि चर्चच्या मालकीच्या ब्रिगम यंग युनिव्हर्सिटीत मात्र बंदी आहे. म्हणजे मतदार म्हणून कायदा सैल करणारी माणसं तीच, आणि रविवारी पिस्तूल घरी ठेवून येणारी पण तीच. मला यात ढोंग वाटत नाही, पण विसंगती आहेच आणि ती त्यांच्यातल्या काहींना टोचते.

फेब्रुवारी 2018 ला फ्लोरिडाच्या पार्कलंड शाळेत गोळीबार झाला त्यानंतर चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष नेल्सन लास व्हेगासला तरुणांसमोर बोलताना म्हणून गेले की ज्यांच्या हातात बंदूक जाऊ नये त्यांच्या हातात ती जाऊ देणारे कायदे माणसांनीच केलेत. एवढंच, पुढे काही मागणी वगैरे नाही, पण बातमी झाली. मॉर्मन राजकारण्यांत तर दोन्ही टोकं, मिट रॉम्नीने मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर असताना 2004 ला असॉल्ट रायफल बंदीवर सही केली, आणि युटाहचा सिनेटर माइक ली कुठल्याही बंदीच्या विरोधात. त्यांच्या धर्मग्रंथातही दोन्हीला आधार सापडतो, शस्त्रं जमिनीत पुरून मरण पत्करणारे लोक पण त्यात आहेत आणि घरादारासाठी झेंडा उभारून लढणारा सेनापती पण, तुम्ही कुठलं पान उघडता त्यावर. सप्टेंबर 2025 ला मिशिगनमध्ये मॉर्मन चर्चच्या रविवारच्या प्रार्थनेत एकाने गाडी घुसवून गोळ्या झाडल्या, आग लावली, चार जण गेले, तेव्हापासून दारावर कोणीतरी हत्यारी हवा की नको ही चर्चा अजून तापलीय.

प्रश्न : मी एच-वन-बी वर युटाहमध्ये असतो, सुट्टीला ग्वाल्हेरला आलोय. मॉर्मन मित्र रेंजवर निशाणेबाजीला बोलावतो आणि एक घेऊन टाक म्हणतो. घेऊ का? — दालबाजार

उत्तर : नको. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात बंदूक किंवा गोळ्या बाळगायलाच बंदी आहे, शिकारीचं लायसन्स असणं अशासारखे मोजके अपवाद सोडून, आणि रेंजवर मित्राची हातात धरली तरी ते बाळगणंच धरतात. युटाह राज्य कितीही मोकळं असलं तरी हा केंद्राचा कायदा, पकडला गेलास तर व्हिसाही जाईल. जायचंच असेल तर आधी तिथल्या वकिलाला विचार, मित्राला नाही.