बेसबॉलचे समालोचक विन स्कली यांच्या आवाजाची लोकांना अजून इतकी आठवण का येते?

एक तर सहवास. १९५० ते २०१६, तब्बल ६७ हंगाम हा माणूस डॉजर्स संघाचं वर्णन करत होता, आधी ब्रुकलिनमध्ये, मग लॉस एंजेलिसमध्ये. १९५८ साली संघ तिकडे गेला तेव्हा सामने कोलिझियममध्ये होत. ते स्टेडियम इतकं अवाढव्य की मागच्या रांगांना खेळ धड दिसेना. म्हणून लोक ट्रान्झिस्टर घेऊन येत आणि मैदानात बसून स्कलींना ऐकत!

बहुतेक वेळा ते एकटेच बोलत, जोडीला दुसरा समालोचक नसे. त्यामुळे ते थेट आपल्याशीच गप्पा मारताहेत असं वाटायचं.

पण मला स्वतःला त्यांचं गप्प राहणं सर्वांत जास्त आवडतं. ८ एप्रिल १९७४, अटलांटा. कृष्णवर्णीय खेळाडू हँक ॲरन यांनी ७१५वा होमरन (चेंडू थेट कुंपणापार नेणारा फटका) मारून जुने दिग्गज बेब रूथ यांचा सर्वाधिक होमरनचा विक्रम मोडला. स्कलींनी चेंडू कुंपणापार गेल्याचं सांगितलं आणि ते थांबले. कितीतरी वेळ फक्त प्रेक्षकांचा जल्लोष. मग शांतपणे म्हणाले, अमेरिकेच्या दक्षिणेत एका कृष्णवर्णीय माणसासाठी लोक उभे राहून टाळ्या वाजवताहेत. वंशभेदाचा मोठा इतिहास असलेल्या त्या भागात, त्या क्षणी नेमकं हेच सांगायला हवं होतं, हे त्यांना कळलं. रेकॉर्डिंग ऐकताना आजही अंगावर काटा येतो.

डॉजर्सचे पिचर (चेंडू टाकणारे) सँडी कूफॅक्स यांच्या १९६५च्या परफेक्ट गेमचं, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांपैकी एकालाही बेसवर पोहोचू न दिलेल्या सामन्याचं, शेवटच्या डावाचं वर्णनही जरूर ऐका. त्यात ते मधूनमधून घड्याळातली वेळ सांगतात, शेवटची ९ वाजून ४६ मिनिटं.